चार स्विच, एक स्टॅक, पण मास्टर आपणच ठरवायचा : कॅटॅलिस्ट २९६०-एक्स, जळगावातून रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. सिस्को कंपनीचे कॅटॅलिस्ट २९६०-एक्स हे नेटवर्कचे स्विच (कॉम्प्युटर, फोन केबलने एकमेकांना जोडणारे डबे), मागे फ्लेक्सस्टॅक-प्लस मॉड्यूल (स्विचला स्विच जोडायचा भाग) लावून चारांचा स्टॅक केलेला, जळगावातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी सांभाळते आणि ५ पैकी ४ देते. एक कुठे कापला ते येईल पुढे. घ्यावा का, तर हो, पण मास्टर, म्हणजे स्टॅकमधला मुख्य स्विच, कोण होणार हे तुम्ही स्वतः ठरवून द्यायची तयारी असेल तरच. ते नशिबावर सोडणार असाल तर चार सुटे स्विच लावा, निदान काय बिघडलं ते लवकर कळेल.

आमचा सेटअप असा की चारही ४८ पोर्टचे, पीओईवाले (नेटवर्क केबलमधूनच फोन-कॅमेऱ्यांना वीज देणारे), दोन ७४० वॅटचे आणि दोन ३७० वॅटचे. सीटी आणि एक्स-रेच्या इमेजेस सर्व्हरला जातात, लॅबची मशीनं रिपोर्ट टाकतात, बिलिंग, मेडिकल, ओपीडीचा टोकन डिस्प्ले, नर्सिंग स्टेशनचे फोन, कॅमेरे, वायफायचे बॉक्स (एपी), सगळं ह्याच रॅकवर येतं. म्हणजे रॅक बसला की धरणगाव, एरंडोल, पाचोऱ्याकडून पहाटे एसटी पकडून आलेली माणसं काउंटरवर ताटकळणार, हे मला रोज डोळ्यासमोर दिसतं, म्हणून ह्या विषयावर मी जरा जास्तच बोलते.

स्टॅक म्हणजे नेमकं काय ते आधी, कारण दुकानात 'स्टॅकेबल' हा शब्द फार सैल वापरतात. खरा स्टॅक म्हणजे स्विचच्या मागच्या खास पोर्टमधून खास केबल घालून एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, आणि शेवटच्याला परत पहिला असं कडं पूर्ण करायचं, मग बाहेरच्या जगाला ते चार डबे नाही तर एकच मोठा स्विच दिसतो. एक आयपी, एक कॉन्फिगरेशन, स्पॅनिंग ट्रीसाठी (नेटवर्कमध्ये केबलचं चक्र होऊ न देणारी पद्धत) एकच ब्रिज, म्हणजे एकच स्विच. भुसावळला मालगाडीला दोन इंजिनं जोडलेली बघितली असतील, ड्रायव्हर एकाच इंजिनात बसतो आणि दुसरं त्याच्या हुकमाने ओढतं, तसं आहे हे. पण बऱ्याच कंपन्यांच्या बॉक्सवर 'सिंगल आयपी मॅनेजमेंट' किंवा 'व्हर्च्युअल स्टॅकिंग' लिहिलेलं असतं, त्यात फक्त एका आयपीवरून बाकीच्यांच्या सेटिंगमध्ये शिरता येतं, आत स्विच वेगळेच राहतात, प्रत्येकाचं कॉन्फिगरेशन वेगळं, दोन स्विचवर मिळून एक लिंक-बंडल (दोन-तीन केबल मिळून एकच रस्ता) करता येत नाही. कंट्रोलर किंवा क्लाउडवर सगळे स्विच एका पानावर दिसतात तेही स्टॅकिंग नाही. सोय चांगलीच आहे ती, पण वस्तू वेगळी. आमच्या इथे एका डीलरने मला तेच 'स्टॅक' म्हणून कोट करून दिलं होतं, मी मागच्या बाजूचा फोटो मागितला तर स्टॅक पोर्टच नव्हते.

२९६०-एक्समध्ये एका स्टॅकला जास्तीत जास्त ८ स्विच चालतात आणि फ्लेक्सस्टॅक-प्लसची बँडविड्थ ८० जीबीपीएस धरतात. मॉड्यूल स्विचसोबत येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. आणि एक नीट लक्षात ठेवा, मॉडेल नंबरच्या शेवटी एलएल असेल, म्हणजे लॅन लाइट, तर तो स्टॅक होतच नाही, मॉड्यूल आणलं तरी. रिफर्बिश मार्केटमध्ये स्वस्तात मिळतोय म्हणून उचलायच्या आधी ती शेवटची दोन अक्षरं वाचा.

आता मुख्य गोष्ट, मास्टरची निवडणूक.

चारही स्विच चालू झाले की ते आपसात ठरवतात की स्टॅकचं डोकं कोण. कॉन्फिगरेशन तो सांभाळतो, आयपीवर तो उत्तर देतो, बाकीचे मेंबर. ठरवायचा क्रम पक्का आहे. सगळ्यात आधी बघतात की आत्ता कोणी मास्टर आहे का, असेल तर तोच राहतो. नसेल तर ज्याची प्रायोरिटी जास्त तो. प्रायोरिटी १ ते १५, आणि फॅक्टरीतून सगळे १ वर येतात. ती सारखी निघाली तर ज्याच्यावर काहीतरी इंटरफेस कॉन्फिगरेशन केलेलं आहे तो कोऱ्या स्विचला मागे टाकतो. तिथेही बरोबरी झाली तर ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस (फॅक्टरीतूनच प्रत्येक डब्याला मिळालेला वेगळा नंबर) सगळ्यात लहान तो.

हा शेवटचा नियम वाचून थांबा जरा. मी आले तेव्हा आमच्या स्टॅकमध्ये चारही प्रायोरिटी १ वरच होत्या, आधीच्या व्हेंडरने बसवून दिला आणि निघून गेला. म्हणजे मॅक लहान म्हणून जो जिंकला तो मास्टर, आणि लहान मॅक बऱ्याचदा जुन्या डब्याचा असतो. आमच्याकडे तसंच होतं, ज्याचा फॅन सगळ्यात जास्त आवाज करत होता, जो मॉड्यूल लावून जुन्यातून आणलेला होता, तोच सगळ्यांचा मालक. आजारी पडायची शक्यता ज्याची सगळ्यात जास्त त्याच्याच हातात लगाम. कोणी चूक केली असं नाही म्हणता येणार कारण कोणी काही केलंच नव्हतं, आणि तोच प्रॉब्लेम आहे.

उपाय अगदी सोपा आहे. कॉन्फिग मोडमध्ये 'स्विच १ प्रायोरिटी १५', दुसऱ्याला १४, बाकीचे खाली. पण लगेच 'शो स्विच' मारून बघितलं तर मास्टर तोच जुना दिसेल आणि माणूस गोंधळतो की कमांड लागली नाही की काय. लागली असते. चालू मास्टरला कोणी खुर्चीवरून उठवत नाही, नवी प्रायोरिटी पुढच्या निवडणुकीत मोजतात. मला हा स्वभाव फार आवडतो. कारण जास्त प्रायोरिटीचा स्विच परत आला की लगेच सत्ता हिसकावणार असता तर एखादा लुकलुकणारा, पाच मिनिटं चालू पाच मिनिटं बंद असा स्विच दर वेळी अख्खं नेटवर्क हलवत बसला असता.

आणि आपल्याकडे लुकलुकणं काही नवीन नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, ट्रान्सफॉर्मर दमतात, दुपारी लाईट येते जाते. जनरेटर आहे, यूपीएस आहे, सगळं आहे, पण चार स्विच एकाच यूपीएसवर असतातच असं नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे जी ब्रोशरमध्ये कोणी ठळक लिहीत नाही. निवडणुकीला वेळेची एक खिडकी असते, त्या काही सेकंदांत जे स्विच जागे झाले तेच उमेदवार. उशिरा उठलेला, प्रायोरिटी १५ असली तरी, गपचूप मेंबर होतो कारण तोवर मास्टर बसलेला असतो. २९६०-एक्समध्ये ही खिडकी छोटी आहे, त्याच्या मोठ्या भावंडांत, म्हणजे सिस्कोच्याच ३८५० किंवा ९३०० मध्ये, ती १२० सेकंदांची आहे. आमच्याकडे एक आणि दोन नंबर एका यूपीएसवर होते, तीन-चार दुसऱ्यावर. मोठा कट झाला, दोन्ही यूपीएस उतरले, लाईट आली तेव्हा दुसरा यूपीएस आधी उठला आणि चार नंबर मास्टर होऊन बसला. काम सगळं चालू होतं, पेशंटला काही कळलं नाही, फक्त मास्टर आपण ठरवलेला नव्हता. आता एक आणि दोन नंबर जनरेटरच्या सर्किटवर सगळ्यात आधी उठणाऱ्या यूपीएसवर आहेत. प्रायोरिटीसोबत वायरिंगही बघावं लागतं, आणि ते बघायला आयटीवाल्याने वायरमनशी बोलावं लागतं, जे फार कमी ठिकाणी होतं.

दुसरी बारीक गोष्ट, मॅक. स्टॅक बाहेरच्यांना जो मॅक दाखवतो तो मास्टरचा. मास्टर बदलला की तो मॅकही बदलतो, मग शेजारच्या कोअर स्विचला (सगळं नेटवर्क जिथे येऊन मिळतं तो मुख्य स्विच) वाटतं की हा कोणी नवाच आला, स्पॅनिंग ट्री परत हिशोब करते, एलएसीपीच्या (लिंक-बंडल जुळवणारी पद्धत) लिंक खाली-वर होतात, आणि जो धक्का अजिबात जाणवायला नको होता तो जाणवतो. ह्यावर 'स्टॅक-मॅक परसिस्टंट टायमर ०' ही कमांड आहे, तिने मास्टर गेला तरी जुना मॅकच चालू राहतो, कायमचा. २९६०-एक्सवर ही आपोआप चालू नसते, आपणच टाकायची. फक्त एक पथ्य पाळा, जुना मास्टर रॅकमधून काढला आणि त्याच नेटवर्कमध्ये दुसरीकडे लावला तर एकच मॅक दोन जागी होतो आणि मग असले विचित्र प्रकार होतात की डोकं धरून बसाल. काढलेला डबा दुसऱ्या मजल्यावर लावायचा असेल तर आधी स्टॅकचा मॅक बदलू द्या.

हे सगळं कागदावर समजून मला समाधान नव्हतं म्हणून मॅनेजमेंटची परवानगी घेऊन रात्री उशिरा, ओपीडी बंद असताना, कॅज्युअल्टीला आधी सांगून, मास्टरची पॉवर काढून बघितली. आमचे वायरमन काका रॅकच्या मागे टॉर्च घेऊन, मी पुढे लॅपटॉपवर पिंग (समोरून उत्तर येतंय का ते सतत बघणारी कमांड) लावून.

"ताई, वरचाच ना?"

"नाही काका, वरचा असेलच असं नाही. समोर एमएसटीआर लिहिलंय बघा, तिथे ज्याचा हिरवा दिवा लागलाय तो."

काकांनी केबल ओढली. त्या स्विचवरचे फोन आणि पीसी अर्थातच गेले, त्यांचा डबाच बंद केला तर ते जाणारच. माझं एसएसएच सेशन (स्विचवर दुरून केलेलं लॉगिन) तुटलं, मॅनेजमेंट आयपीचे थोडे पिंग गेले आणि परत आले, दोन नंबर मास्टर झाला होता. पण तीन आणि चार नंबरवरच्या पीसीवरून सर्व्हरला लावलेला पिंग चालूच होता. काका पुढे येऊन स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काहीच नई व्हयनं ताई!" मला त्या रात्री जे बघायचं होतं ते हेच. मास्टर हरवला तरी मेंबर आपापले फ्रेम (डेटाचे तुकडे) पुढे ढकलत राहतात, आणि कॉन्फिगरेशनची प्रत प्रत्येकाकडे असते त्यामुळे नव्या मास्टरला काही शोधावं लागत नाही. कोअरकडे जाणाऱ्या दोन फायबरपैकी एक मी एक नंबरमधून आणि एक चार नंबरमधून काढली आहे, दोन्हीचं मिळून एकच ईथरचॅनल (सिस्कोचं लिंक-बंडल), एक नंबर पडला तरी चारमधून रस्ता उघडा. स्टॅक घेऊन दोन्ही अपलिंक एकाच डब्यातून काढलेले सेटअप मी बघितलेत, तिथे स्टॅकचा अर्धा फायदा दारातच संपतो.

थोडी वाट बघून एक नंबरची पॉवर परत दिली, तो मेंबर म्हणून आला, दोन नंबर मास्टर राहिला. मी तसंच ठेवलं. तो चांगला चालतोय तर कशाला हलवायचं.

रोजच्या कामाबद्दल. पोर्टचे नंबर जीआय १/०/१, जीआय ३/०/२७ असे असतात, पहिला आकडा स्टॅकमधल्या स्विचचा, त्यामुळे तक्रार आली की कोणत्या डब्याकडे जायचं ते नावातच कळतं. मी जागेवर नसताना शिकाऊ मुलगा विचारतो "ताई, एक्स-रेचा पोर्ट कुठला?" तर मी फोनवर सांगू शकते. नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) टाकायचा तर एकदाच टाकायचा. कन्सोल केबल चारांपैकी कशातही लावा, बोलणं मास्टरशीच होतं. बॅकअप एकच फाइल.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्विच बदलताना. तीन नंबरचा पॉवर सप्लाय गेला, ह्यात सप्लाय आतच फिक्स असतो त्यामुळे डबाच काढावा लागला. त्याच मॉडेलचा, त्याच आयओएसचा (सिस्को स्विचचं सॉफ्टवेअर) दुसरा आणला, बंद अवस्थेत रॅकमध्ये बसवला, स्टॅक केबल लावल्या, मग पॉवर दिली. त्याला ३ नंबर मिळाला आणि तीनचं सगळं कॉन्फिगरेशन, व्हीलॅन, फोनचे पोर्ट, सगळं त्याच्यावर आपोआप आलं, कारण कॉन्फिगरेशन नंबरला चिकटलेलं असतं, डब्याला नाही. पोर्टच्या केबल जशा होत्या तशा टोचल्या, झालं. आयओएसचं व्हर्जन वेगळं असेल तर 'शो स्विच'मध्ये व्हर्जन मिसमॅच दिसतं आणि तो स्विच स्टॅकमध्ये असून नसल्यासारखा, म्हणून आधीच जुळवून घ्या. आणि बंद अवस्थेत हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. चालू स्विच केबलने स्टॅकला जोडला तर तो मेंबर वाढवणं होत नाही, दोन स्टॅक एकत्र करणं होतं, दोन मास्टर समोरासमोर येतात, एक हरतो आणि हरलेल्याच्या बाजूचे सगळे रीबूट होतात. तुमची चार स्विचची बाजू हरली तर भर दिवसा हॉस्पिटल अंधारात.

कड्याचं पण सांगते. एक स्टॅक केबल सैल झाली तर स्टॅक तुटत नाही, उलट्या बाजूने वाट असते, बँडविड्थ तेवढी अर्धी होते. पण ते कळायला हवं, कारण काम चालू असतं म्हणून कोणी बघत नाही, आणि दुसरी केबल गेली की स्टॅकचे दोन तुकडे होतात, दोघांकडे तेच कॉन्फिगरेशन, तोच आयपी, दोघं स्वतःला खरा समजतात. म्हणून 'शो स्विच स्टॅक-पोर्ट्स' ही कमांड मी चेकलिस्टमध्ये सगळ्यात वर ठेवलीय. रॅकमागे झाडू-पोछा होतो तिथे जाड केबल लोंबू देऊ नका.

आता तो कापलेला स्टार. एक म्हणजे फर्मवेअर अपग्रेड. अख्खा स्टॅक एकदम रीलोड होतो, एकेक करून नाही. एकत्र सांभाळायची ही किंमत आहे, जे एका जागी सोपं होतं ते एका जागी बंदही होतं, तसंच चुकीची कमांड गेली तर चारही ठिकाणी गेली. एकच स्विच रीस्टार्ट करायचा असेल तर 'रीलोड स्लॉट ३' आहे, नुसतं 'रीलोड' मारलं तर सगळे जातील, हे शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगा. दुसरं, स्टॅक केबल मिळतात अर्ध्या मीटरच्या, १ मीटरच्या आणि ३ मीटरच्या, बस. म्हणजे एका रॅकमध्ये किंवा शेजारच्या रॅकमध्ये. वरच्या मजल्यावरचा स्विच ह्या स्टॅकमध्ये घेता येत नाही, कोणी 'होऊन जाईल' म्हणालं तर त्याला केबल दाखवायला सांगा. तिसरं, तो पॉवर सप्लाय. ९३०० मध्ये स्टॅकपॉवर आहे, स्विच एकमेकांची वीज वाटून घेतात, आपल्या भागासाठी ते फार कामाचं, पण पैसेही तसेच. चौथं, २९६०-एक्सची विक्री कंपनीने बंद केलीय, त्यामुळे आता मिळेल तो रिफर्बिश किंवा कोणाचा उरलेला. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी दोन जास्तीचे मॉड्यूल आणि केबल घेऊन ठेवा. अगदी नवीन सुरुवात करणाऱ्यांनी, बजेट असेल तर, ९३०० बघावा, त्यात एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक तयार बसलेला स्टँडबाय असतो, मास्टर गेल्यावर नव्याने निवडणूक लावायची वेळच येत नाही.

उन्हाबद्दल, डेटाशीटमध्ये ४५ डिग्रीपर्यंतचं लिहिलंय, पण ते रॅकच्या आतलं तापमान, आणि आपल्याकडे मेमध्ये बाहेरच तेवढं असतं. आयटी रूमचा एसी जनरेटरवर घ्या. ह्यावर वाटाघाटी करू नका.

दुसऱ्या कंपनीचे स्टॅक घेणाऱ्यांसाठी थोडक्यात, नियम सगळीकडे सारखे नाहीत. ज्युनिपरच्या व्हर्च्युअल चेसिसमध्ये प्रायोरिटी ० ते २५५, न सांगता १२८, आणि तिथे मुख्य आणि बॅकअप दोघांना सारखीच जास्त प्रायोरिटी द्या म्हणजे परत आलेला मालकी ओढून घेत नाही. एचपीईच्या आयआरएफमध्ये १ ते ३२. डी-लिंकच्या स्टॅकमध्ये उलटं आहे, १ ते ६३ मधला लहान आकडा जिंकतो, सिस्कोची सवय असलेल्या माणसाने तिथे मोठा आकडा टाकला तर ज्याला मास्टर करायचं तोच शेवटी जाईल. अरुबाच्या व्हीएसएफमध्ये खास केबल लागत नाही, साध्या एसएफपी-प्लस पोर्टवर (फायबर लावता येतो तो पोर्ट) फायबरने स्टॅक होतो, म्हणजे मजले ओलांडता येतात.

आमच्या हॉस्पिटलची मागच्या बाजूला नवीन विंग होतेय, तिथे मी तोच फायबरवाला पर्याय मागितलाय, आणि कोटेशन मागताना प्रत्येक डीलरला तीनच प्रश्न लेखी विचारलेत: मास्टर कोण होणार ते कसं ठरतं, मास्टरची पॉवर काढल्यावर बाकीच्या पोर्टचं काय होतं, आणि मधली फायबर तुटून दोन तुकडे झाले तर दोन्हीकडे एकच आयपी चालू राहू नये म्हणून काय सोय आहे. आतापर्यंत एकाच दुकानातून तिन्हीची नीट उत्तरं आली, भुसावळचा मुलगा आहे, तो डेमोचे दोन स्विच घेऊन येतो म्हणालाय, केबल आपल्या हाताने काढून बघा म्हणे.